जावा २५० साठी नवी टाकी : पैसे पत्र्याचे द्यावेत, रंगाचे नव्हेत

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ मध्ये सुरू झालेले मोटारसायकलींचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तेव्हापासून या गाड्यांना लागणारा पत्र्याचा प्रत्येक भाग एक तर जुन्या गाडीवरून उतरवून घ्यावा लागतो, नाही तर कोणीतरी नव्याने बनवलेली नक्कल विकत घ्यावी लागते. इंजिनाच्या आतल्या भागांचे फारसे अडत नाही. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा अजून मिळतात आणि त्यांत काही डावे-उजवे निघाले तर इंजिन लगेच बोलून दाखवते. पेट्रोलच्या टाकीचे तसे नसते. ती दुकानात झगझगीत दिसते, घरी आणेपर्यंत झगझगीतच राहते, आणि तिचे खरे गुण-अवगुण पेट्रोल भरून काही महिने गेल्यावर शिवणीतून बाहेर येऊ लागतात. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका दुकानातून मी जावा २५० च्या ‘ए टाइप’ गाडीसाठी अशी टाकी घेतली आणि तिच्यावर एक पावसाळा काढला; त्या निमित्ताने या बाजारात जे पाहायला मिळाले ते इथे लिहीत आहे. दुकानदाराचे किंवा बनवणाऱ्याचे नाव देत नाही. एकाच कारखान्यातला माल चार दुकानांत चार नावांनी विकला जातो, टाकीवर कोणाचा शिक्का नसतो, आणि आज ज्याच्याकडे चांगली टाकी मिळाली त्याच्याकडे पुढच्या खेपेला दुसऱ्याच कारखान्याची आलेली असते. त्यामुळे नावापेक्षा टाकी कशी पारखावी हेच वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

नवी टाकी घेण्याआधी जुनी वाचते का, हे पाहणे आवश्यक आहे, आणि माझे मत विचाराल तर वाचत असेल तर तीच ठेवावी. मूळ टाकीचा पत्रा, तिची गोलाई आणि फ्रेमवरची बैठक यांना तोड नाही. बाहेरून खड्डे पडले असतील तर चांगला डेंटर ते बाहेर काढतो. तळाला एखाद-दुसरे छिद्र असेल तर पितळी झाळ देऊन ते बुजवता येते. मात्र तळाची शिवण लांबवर चाळणी झाली असेल, कॉकच्या (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या) भोवतीचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात असेल, किंवा रंग उतरवल्यावर खाली जस्त, शिसे, एम-सील आणि लांबी (खड्डे भरण्याची पुट्टी) यांचे थरावर थर निघत असतील, तर त्या टाकीवर खर्च करण्यात अर्थ उरत नाही. माझ्या गाडीच्या टाकीचा प्रकार हा तिसरा होता. आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. रिकाम्या दिसणाऱ्या जुन्या टाकीत पेट्रोलची वाफ कित्येक दिवस टिकून राहते आणि तशा टाकीला गॅसची ज्योत लावणे जिवावर बेतू शकते. टाकी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन आणि पाण्याने जवळजवळ भरून घेतल्याशिवाय झाळकामाला हात घालणारा मिस्त्री कितीही जुना-जाणता असला तरी त्याच्याकडे काम देऊ नये.

नव्या टाक्यांचा बाजार देशभर पसरलेला आहे. दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार, आपल्याकडे नाना पेठ, आणि आता घरबसल्या मागवायचे असेल तर ऑनलाइन दुकाने. यांतल्या बऱ्याच टाक्या उत्तरेकडच्या लहान कारखान्यांत बनतात, आणि तेच कारीगर जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या टाक्याही बनवून परदेशी पाठवतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए एम२० ही गाडी सव्वा लाखाच्या घरात बनली होती, त्यामुळे तिच्या टाकीला इंग्लंड-युरोपात आजही गिऱ्हाईक आहे. तिथल्या हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये भारतात ठोकलेली टाकी हमखास सापडते. तात्पर्य एवढेच, की आपल्याकडे चांगली टाकी बनवण्याचे कसब नक्कीच आहे. प्रश्न कसबाचा नसून किती भावात किती काम करायचे, हा आहे. देशातले गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करते आणि चकाकी पाहून भुलते, म्हणून देशातल्या गिऱ्हाइकासाठी पत्रा पातळ होतो आणि रंग जाड होतो.

जावाच्या टाकीची नक्कल करणे बुलेटच्या टाकीपेक्षा अवघड आहे. ‘ए टाइप’च्या टाकीचा माथा रुंद आणि गोल, दोन्ही गालांवर क्रोम, त्यावर गुडघ्यांची रबरे, आणि माथ्यावर पुढच्या बाजूला किल्लीचा स्विच व अँमीटर बसवण्यासाठी पाडलेला खळगा. खिळ्यासारखी दिसणारी ती किल्ली याच खळग्यात बसते, त्यामुळे खळग्याचा व्यास आणि खोली जरा जरी चुकली तरी स्विच डुगडुगतो किंवा बसतच नाही, आणि वायरिंगला खालून जायला जागा राहत नाही. त्याच कंपनीच्या येझ्दी रोडकिंगच्या टाकीचा घाट निराळा आहे आणि तिच्यावर असा खळगा नाही. तरीही ‘जावा-येझ्दीची टाकी’ असे मोघम सांगून ती गळ्यात मारणारे दुकानदार आहेत. २०१८ पासून बाजारात आलेल्या नव्या जावा गाडीची टाकी दिसायला जुनीची आठवण करून देत असली तरी जुन्या फ्रेमशी तिचा काहीही संबंध नाही. म्हणून दुकानात जाताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष कागदावर लिहून न्यावे, जुन्या टाकीचे फोटो वरून, खालून आणि बाजूने काढून न्यावेत, आणि शक्य असेल तर जुनी टाकीच सोबत घेऊन जावी. ज्यांच्याकडे मूळ टाकी उरलेलीच नाही त्यांनी जुलै महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे जावा दिनी, जमणाऱ्या गाड्यांमधून एखादी अस्सल टाकी हेरावी आणि मालकाची परवानगी घेऊन तिची मापे टिपून घ्यावीत. जावावाले अशा कामाला नाही म्हणत नाहीत. उलट हातातला चहा बाजूला ठेवून टेप धरायला येतात.

दुकानात ही टाकी तीन अवस्थांमध्ये मिळते. रंग, क्रोम आणि सोनेरी रेघा यांसह पूर्ण तयार. नुसती प्रायमर मारलेली. आणि कच्ची, म्हणजे उघडा पत्रा आणि त्यावर तेलाचा हात. पूर्ण तयार टाकी सर्वांत महाग असते आणि माझ्या मते तीच घेऊ नये. त्यामागचे कारण सरळ आहे. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. शिवणीवर घासून लपवलेले वेल्डिंग, पत्र्यातल्या लाटा सपाट करण्यासाठी भरलेली लांबी, कॉकजवळ घाईघाईने दिलेली झाळ, हे सगळे त्या चकाकीखाली झाकले जाते, आणि हे दोष पुढे उघड झाले की रंगासाठी दिलेले पैसेही वाया जातात, कारण दुरुस्तीसाठी तो रंग जाळावाच लागतो. प्रायमर मारलेली टाकीही मला फारशी पटत नाही. प्रायमर हा अर्धा पडदा आहे. कच्ची टाकी दिसायला ओबडधोबड असते, तिच्यावर हातोडीच्या खुणा आणि ज्योतीचे निळे-काळे डाग असतात, परंतु तिचे जे काही बरे-वाईट आहे ते डोळ्यांसमोर असते. दुकानदार सहसा कच्ची टाकी आपणहून दाखवत नाहीत. मागून घ्यावी लागते, आणि ‘दोन-चार दिवसांनी या’ असे उत्तर आले तर पुन्हा जावे.

कच्ची टाकी समोर आली की पहिले काम वजनाचे. पोलादी पत्र्याचे गणित सोपे आहे. १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरतो, ०.८ मिलिमीटरचा सुमारे ६.३ किलो. म्हणजे त्याच मापाच्या दोन टाक्यांमध्ये पत्र्याच्या जाडीने वजनात पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो, आणि तो साध्या वजनकाट्यावर पकडता येतो. दुकानदार ‘वीस गेज’ म्हणत असेल तर पत्रा ०.९ मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. बावीस गेज म्हणजे जेमतेम ०.७. झाकणाच्या किंवा स्विचच्या भोकाशी व्हर्निअर लावून कडेची जाडी मोजता येते, पण तिथे कड दुमडलेली असेल तर ते माप फसवते आणि दाबात ताणल्या गेलेल्या गोलाईवर पत्रा मुळापेक्षा पातळ झालेला असतो, म्हणून वजनाची साक्ष अधिक खरी. जुनी टाकी सोबत असेल तर तिला लावलेली लांबी आणि डागडुजी यांचे वजन तिच्यात मिसळलेले असते, हे लक्षात ठेवूनच तुलना करावी. मी घेतलेली टाकी या कसोटीला उतरली. त्याच दुकानातली रंगवलेली दुसरी टाकी, लांबी आणि रंगाचे ओझे अंगावर असूनही, हातात स्पष्टपणे हलकी लागत होती. दुकानदाराने यावर ‘ती लाइट मॉडेलची आहे’ असे सांगितले. जावाने असे मॉडेल कधी काढले होते, हे त्यालाच ठाऊक.

यानंतर शिवण. कारखान्यात बनलेल्या टाकीचे दोन पत्रे कडा जुळवून तांब्याच्या फिरत्या चाकांमधून नेले जात आणि विजेच्या प्रवाहाने ती कड सलग सांधली जाई. त्यात बाहेरून धातू ओतावा लागत नसे. लहान कारखान्यात ही सोय क्वचितच असते. तिथे गॅसने, किंवा टिग आणि मिग या विजेच्या वेल्डिंगच्या पद्धतींनी सांधा होतो. टिग किंवा गॅसचा सांधा संथ हाताने केलेला असेल तर उत्तम टिकतो. मिगचा सांधा झटपट होतो, पण तो कडक असतो, त्याचा उंचवटा घासून काढावा लागतो, आणि घासणारा पोरगा भरात असेल तर उंचवट्यासोबत शेजारचा पत्राही पापडाइतका पातळ होतो. अशी जागा इंजिनाच्या थरथरीने काही महिन्यांत तडकते. त्यामुळे शिवणीवर बोट फिरवून पाहावे. सांधा पत्र्यापेक्षा किंचित उंच लागत असेल तर तो दोष समजू नये. अगदी गुळगुळीत लागत असेल तर मात्र टॉर्च घेऊन आतून पाहावे. आतल्या बाजूने सांध्याची रेघ सलग दिसली पाहिजे. मधेच रेघ नाहीशी होऊन नुसती दोन पत्र्यांमधली फट दिसत असेल, तर तिथे वेल्डिंग वरच्या वर बसलेले आहे असे समजावे. माझ्या टाकीची लांब शिवण चांगली होती. उणीव निघाली ती कॉक जिथे आट्यांत बसतो त्या जाड चकतीच्या भोवती.

ती उणीव सापडली ती खडूच्या परीक्षेत. वेल्डिंगच्या कामात ही जुनी रीत आहे. सांध्यावर बाहेरून खडू पाण्यात कालवून त्याचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि आत रॉकेल ओतून टाकी अशी कलती ठेवायची की रॉकेल त्या सांध्यावर उभे राहील. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी बारीक फटीतून झिरपते आणि पांढऱ्या खडूवर त्याचा ओला डाग तत्काळ उठून दिसतो. शहरात आता रॉकेल मिळणे दुरापास्त झाले आहे, त्यामुळे मी डिझेल वापरले. ते जरा सावकाश झिरपते, म्हणून रात्रभर ठेवावे. सकाळी चकतीच्या एका बाजूला मोहरीएवढा डाग आला होता. दुकानदाराने टाकी परत न घेता ओळखीच्या झाळवाल्याकडून तेवढी जागा स्वखर्चाने नीट करून दिली, आणि त्यानंतर तिथून थेंब आलेला नाही. काही जण टाकीत हवा भरून ती पाण्यात बुडवतात. तीही परीक्षा चांगली आहे, पण कॉम्प्रेसर लावू नये. टाकी हे दाबाचे भांडे नाही. दाब ३ पीएसआयच्या (चौरस इंचाला ३ पौंडांच्या) पुढे गेला की तिचे सपाट भाग फुगू लागतात आणि फ्रेमची नळी जिथे बसते तो पोटातला बोगदा फुगला की टाकी पुन्हा फ्रेमवर बसत नाही. सायकलचा पंप आणि संयम पुरेसा आहे.

फ्रेमवरची बैठक हा माझ्या टाकीचा सर्वांत कमकुवत भाग ठरला. टाकीच्या पोटातला बोगदा मुळापेक्षा किंचित अरुंद होता, त्यामुळे मागच्या बाजूला पत्रा थेट फ्रेमच्या नळीला टेकत होता, आणि पुढच्या पकडीचे भोक एका बाजूला सरकलेले होते. थेट टेकणारी टाकी म्हणजे काही काळाने पडणारे भोक, कारण मधे रबर नसेल तर इंजिनाची प्रत्येक थरथर पत्र्याला घासत राहते. बोगदा लाकडी ठोकळा आणि लाकडी हातोडीने मोकळा करून घ्यावा लागला आणि भोक कानसून लांबट करावे लागले. हे काम अवघड नाही, पण ते कच्च्या टाकीवरच करता येते. रंग आणि क्रोम झाल्यानंतर हातोडी मारली तर दोन्हींना तडे जातात. बसवून पाहताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ते टाकीला लागत नाही ना, केबलींना जागा आहे ना, सीटचे नाक टाकीच्या मागच्या उतारावर नीट टेकते ना, हे सगळे तपासावे. किल्लीचा खळगा मात्र माझ्या टाकीत अचूक निघाला, आणि याचे मला आश्चर्य वाटले, कारण बहुतेकांची तक्रार नेमकी तिथेच असते.

टाकीच्या आतली बाजू कोणी पाहत नाही म्हणून कोणी साफही करत नाही. नव्या टाकीत प्रेसचे तेल, वेल्डिंगचे मणी, लोखंडाचा कीस आणि गोदामात पडून असताना आलेला तांबूस गंज असा सगळा ऐवज असतो आणि तो पहिल्याच भरणीत जिकोव्ह कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो. मूठभर नट किंवा जुन्या साखळीचा तुकडा आत टाकून, टाकी कापडात गुंडाळून भरपूर हलवावी; मग साबणाच्या गरम पाण्याने धुवावी; गंज असेल तर सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ते आम्ल मारावे. यापुढची पायरी चटकन करावी लागते, कारण आम्लातून निघालेला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा लाल होतो. टाकी लगेच गरम हवेने वाळवून आत टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचे) तेल फिरवावे. आतून इपॉक्सीचे अस्तर देण्याची सध्या फॅशन आहे. जुन्या, खड्डे पडलेल्या टाकीला त्याचा उपयोग होतो हे मान्य आहे. पण नव्या गुळगुळीत पत्र्यावर ते नीट धरले नाही तर पुढे पापुद्र्यांनी सुटते आणि कॉक तुंबवते, म्हणून नव्या टाकीला अस्तर देण्याच्या बाजूने मी नाही.

अस्तराचा हा विषय निघतो तो इथेनॉलमुळे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, आणि आता पंपावर दुसरे पेट्रोल शोधूनही मिळणे कठीण आहे. इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. अर्धी रिकामी टाकी जुलै-ऑगस्टमध्ये उभी राहिली की तिच्यात ओल जमते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. चार-स्ट्रोक गाडीत यामुळे इंजिन अडखळते, गाडी बंद पडते, तळ गंजतो. जावासारख्या दोन-स्ट्रोक गाडीत धोका याहून मोठा आहे. तिचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि थर वेगळे झाले की तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, तर कॉक तळाचा तेलविरहित थर इंजिनाला पाजतो. पिस्टन जाम होण्याचे हे एक कारण असू शकते, आणि त्याचे खापर बिचाऱ्या तेलाच्या कंपनीवर फुटते. उपाय टाकीच्या धातूत नसून वापरात आहे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी एक तर काठोकाठ भरून ठेवावी, नाही तर पूर्ण रिकामी करून आत तेलाचा हात फिरवावा. कॉकमधले बुचाचे वॉशर आणि जुनी रबरी नळी इथेनॉलला टिकत नाहीत, तेव्हा नवी टाकी बसवतानाच ती बदलावीत.

क्रोमच्या बाबतीत काटकसर करण्याची सोय नाही. चांगल्या मुलाम्यात आधी तांबे, मग निकल आणि सर्वांत वर क्रोम असे थर असतात. वरचा क्रोम मायक्रॉनच्या काही अंशांइतकाच असतो आणि चकाकी व गंजापासूनचे संरक्षण या दोन्हींचा भार खालच्या निकलवर असतो. बाजारातल्या तयार टाकीवर हा निकलचा थर नावापुरता असतो, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यानंतर गालांवर तांबूस ठिपके उठतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांना तर पावसाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. कच्ची टाकी स्वतः मुलामेवाल्याकडे नेली तर निकल किती वेळ द्यायचे हे ठरवून घेता येते. मात्र मुलाम्याखाली लांबी चालत नाही, पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा क्रोममधून दुप्पट दिसतो, त्यामुळे आधी भरपूर बफिंग करावे लागते आणि खर्चाचा मोठा भाग त्या मजुरीतच जातो. टाकीची सगळी भोके घट्ट बुचे मारून बंद केल्याशिवाय ती मुलाम्याच्या हौदात सोडू देऊ नये. आत शिरलेले आम्ल नंतर कितीही धुतले तरी शिवणीत दडून राहते आणि आतून पत्रा खात बसते. माझ्या टाकीचे क्रोम भोसरीकडच्या एका लहान कारखान्यात झाले. टाकीच्या किमतीपेक्षा ते महाग पडले, आणि तरीही तो खर्च योग्य वाटतो.

रंगाबद्दल थोडक्यात. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पेट्रोलचा ओघळ आला की रंग मऊ पडतो आणि झाकणाखाली सुरकुत्या येतात, म्हणून दोन घटकांचा, हार्डनर मिसळून लावायचा रंगच घ्यावा. क्रोमवर रंग धरत नाही. रंगवायचा भाग घासून खरखरीत करून त्यावर योग्य प्रायमर दिलेला आहे की नाही, ते समोर उभे राहून पाहावे. जावाचा मरून रंग दुकानातल्या पत्रकावरून निवडू नये. टूलबॉक्सच्या आतल्या बाजूला उन्हाशिवाय राहिलेला मूळ रंग बहुधा शिल्लक असतो, त्याच्याशी जुळवून घ्यावा. सोनेरी रेघ चिकटपट्टीची लावू नये. नंबरप्लेटा रंगवणारे जुने पेंटर अजून आहेत, त्यांतल्या एखाद्याचा हात स्थिर असेल तर ब्रशने ओढलेली रेघ किंचित जाड-बारीक होते आणि तीच खरी दिसते. पन्नास वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते, तेव्हा निळी-पिवळी हौस भागवण्याआधी याचा विचार करावा. नोंदणीपुस्तकात एक रंग आणि टाकीवर दुसरा, हे तर कोणत्याही गाडीला चालत नाही.

सोबत मिळालेल्या फुटकळ वस्तूंपैकी गुडघ्यांची रबरे बरी आहेत, बिल्ले ओळखीचे पण ठसठशीत नाहीत, आणि झाकण टाकाऊ आहे. मूळ झाकणाच्या आतल्या बाजूला तेल मोजण्याचे माप असे. नकलेत ते माप पातळ पत्र्याचे आहे आणि त्याची झाळ हातात सुटते. त्याहून वाईट म्हणजे झाकणाला हवेचे भोक धडपणे पाडलेलेच नव्हते. असे झाकण लावून गाडी चालवली की थोड्या अंतराने टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरेनासे होते, गाडी बंद पडते, आणि झाकण उघडताच पुन्हा सुरू होते. मेकॅनिक मात्र तोवर कार्ब्युरेटर खोलून बसलेला असतो. जुने झाकण जपून ठेवले असेल तर तेच लावावे. कॉकही जुनाच नीट करून घ्यावा, आणि आटे जुळतात की नाही हे दुकानातच कॉक फिरवून पाहावे.

पर्यायांचाही विचार केला होता. ‘ए टाइप’ ज्या ३५३ मालिकेतली आहे त्याच मालिकेच्या गाड्यांसाठी चेक प्रजासत्ताकात नवे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर बनतात आणि टाकीही मिळते. एका परिचिताने मागवलेली तशी टाकी मी हाताळली आहे. शिवण आणि क्रोम दोन्ही उत्तम आहेत, परंतु भाडे आणि सीमाशुल्क धरले तर तेवढ्यात इथे एक टाकी घेऊन, क्रोम करून, रंगवूनही पैसे उरतात, आणि मधल्या वर्षांत म्हैसूरच्या गाड्यांमध्ये झालेले बारीक फरक गृहीत धरूनच ती बसवावी लागते. फायबरग्लासची टाकी हलकी आणि स्वस्त असली तरी घेऊ नये. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मोटारसायकलींना तशा टाक्या लावण्यावर १९७० च्या दशकातच अपघातातल्या आगीच्या भीतीने निर्बंध आले, आणि जुन्या पॉलिस्टर राळेला इथेनॉल तर सरळ मऊ करते. बुलेट किंवा आरएक्स १०० वाल्यांची स्थिती आपल्यापेक्षा बरी आहे; त्या टाक्यांचा खप मोठा असल्याने डाय (पत्रा दाबून घडवण्याचे साचे) चांगले आहेत आणि बैठक सहसा चुकत नाही. पत्र्याच्या जाडीची आणि झाकणाची रड मात्र तिथेही तीच आहे.

दुकानाच्या वागणुकीला मी बरे म्हणेन, फार चांगले म्हणणार नाही. कच्ची टाकी मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, वजनकाटा मागितल्यावर हसू आले, पण नाही म्हटले नाही, पक्के बिल दिले आणि झाळीची दुरुस्ती तक्रार न करता करून दिली. ‘फिटिंगची गॅरंटी नाही’ ही अट बिलावर छापलेलीच आहे, आणि बैठकीसाठी लागलेली मजुरी मलाच भरावी लागली. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी दोन अटी आधी लेखी घ्याव्यात. टाकी कच्चीच पाठवायची, आणि गळती निघाली तर परत घ्यायची. खोक्यात ती पेंढा किंवा थर्माकोल घालून घट्ट बसवलेली नसेल तर कुरिअरच्या प्रवासात पहिला खड्डा हमखास पडतो, आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तो खड्डा तुमचाच ठरतो. आकार, पत्रा आणि शिवण यांसाठी ही टाकी मी दुसऱ्या जावावाल्याला नि:शंकपणे सुचवेन. बोगद्याच्या कामासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवायला सांगेन, आणि झाकण घेऊ नका म्हणून बजावीन. त्याचे पैसे दुकानदार मागितले तर बिलातून वजा करून देतो.